पाखरे हाकायला बांधलेला आवाज

निसवलेल्या धानावरून वारा येताना त्यात भुंग्यासारखी गुणगुण ऐकू आली, की माझे पाय अजून थांबतात. निवृत्त होऊन चार वर्षे झाली. बाकीच्या बऱ्याच केसेस आता कागद पाहिल्याशिवाय नीट सांगता येत नाहीत. ही एक मात्र सांगता येते, कारण तिच्यात मी जवळपास प्रत्येक माणसावर संशय घेतला आणि दोषी निघाले ते माणूस नव्हतेच.

मी तेव्हा गडचिरोली जिल्ह्यातल्या एका जंगलातल्या ठाण्याचा ठाणेदार होतो. ब्रह्मपुरीहून वैनगंगा ओलांडली की पुढे बस, आणि बस थांबते तिथून जीप. ठाण्याचे आणि या गोष्टीतल्या दोन गावांचे नाव लिहीत नाही. दोन्ही गावे तिथेच आहेत आणि यातली बहुतेक माणसे हयात आहेत.

सकाळची हजेरी आटोपली होती. अंमलदाराने स्टेशन डायरी सहीसाठी पुढे केली, तेवढ्यात फाटकाशी ट्रॅक्टर थांबला आणि ट्रॉलीतून माणसे उतरू लागली. जंगलातल्या ठाण्यात ट्रॉलीभर माणसे न बोलावता आली, तर ठाणेदार आधी त्यांचे हात पाहतो. हात रिकामे होते. फक्त सगळ्यात पुढच्या माणसाच्या हातात पितळी ताट होते, आणि ताटात लाल कापडावर हळद लागलेली एक सीडी.

माझे बीट हवालदार त्याच भागातले, तोंडाने फटकळ. ते म्हणाले, "काय जी, ठाण्यात पूजा हाये का आज?"

"थट्टा नोका करू भाऊ," ताटवाला म्हणाला. तो गावच्या वनहक्क समितीचा अध्यक्ष होता. "आमच्या भूमकाचा आवाज चोरीले गेला. चोर गावातच हाये."

"आवाज? कोंबडी ऐकली, बकरी ऐकली, सायकल ऐकली. आवाज पयल्यांदाच."

मी सगळ्यांना बाहेर आंब्याखाली बसवले आणि अध्यक्षाला आत घेतले. त्याने सांगितले ते असे.

त्यांचे गाव आणि शेजारचे गाव यांच्यामध्ये एक नाला आहे. नाल्याकाठचा जंगलाचा पट्टा दोन्ही गावांनी आपल्या सामूहिक वनहक्क दाव्यात दाखवला होता. त्यात मोहाची झाडे, तेंदू, थोडा बांबू. अशा दाव्यात गावातल्या जाणत्या माणसांचे म्हणणे पुरावा म्हणून ऐकले जाते. या गावचा भूमक, म्हणजे गावदेवाचा पुजारी, गावची शीव तोंडपाठ सांगत असे. कोणत्या दगडापासून कोणत्या झाडापर्यंत, झाड पडले असेल तर त्याचे खोड कुठे होते, तेसुद्धा. तो थकला तेव्हा शाळेतले गुरुजी टेपरेकॉर्डर घेऊन त्याच्यासोबत शीव चालले आणि त्यांनी त्याचे बोलणे दोन कॅसेटमध्ये भरून घेतले. पुढे भूमक वारला. काही वर्षांनी कॅसेट जुन्या होतील या भीतीने गावाने तालुक्याच्या एका फोटो स्टुडिओतून त्यांची सीडी करून घेतली.

ती सीडी देवाच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवली होती. भूमकाचा आवाज तिच्यात आहे म्हणून तिला देवाच्या सामानातच जागा दिली. दरवर्षी पूजेला ती बाहेर काढायची, हळद लावायची, सूर्याला दाखवायची, धूप द्यायचा आणि परत ठेवायची. सुनावणी तोंडावर आली म्हणून गावाने ती पहिल्यांदाच तालुक्याला नेऊन संगणकावर लावली. काहीच निघाले नाही. दुसऱ्या संगणकावर लावली. तिथेही कोरी.

"किल्ली कोणाकडे असते?"

"भूमकाच्या पुतन्याकडं. अन् त्याची पोरगी कुठी देली हाये ते इचारा साहेब. नाल्यापलीकडं."

भांडण वाढल्यापासून दोन्ही गावांनी ठराव केले होते: पलीकडच्या गावाशी बोलणे नाही, जेवण नाही, येणेजाणे नाही. आणि आता या गावाने आणखी एक ठरवले होते. येत्या मंगळवारच्या ग्रामसभेपर्यंत पेटी सांभाळणाऱ्या या पुतण्याने, म्हणजे पेटीवाल्याने, कबुली दिली नाही, तर त्याच्या घराचे पाणी आणि विस्तव बंद.

मी स्पष्ट सांगितले, "पाणी बंद केलेत तर पहिला गुन्हा तुमच्यावर दाखल होईल."

"तुमी लावाल गुन्हा," अध्यक्ष शांतपणे म्हणाला. "पन त्याच्या मयतीले खांदा द्यायले तं आमालेच यावं लागन ना? नाई आलो तं त्याच्यावर कोन्तं कलम हाये?"

मी त्याला बाहेर आंब्याखाली पाठवले.

मला सुरुवातीपासून अडचण कलमाचीच होती. कुलूप फुटले नव्हते, पेटी जागेवर होती, सीडी ताटात माझ्यासमोर होती. चोरी कशाची लिहायची? मी अर्ज चौकशीवर घेतला, सीडी मुद्देमाल म्हणून जमा केली आणि पेटीवाल्याला बोलावणे धाडले.

तो चालत आला. कुऱ्हाड अंमलदाराच्या टेबलाशी ठेवली, डोक्याचा टॉवेल काढून खांद्यावर घेतला आणि खुर्ची दिली तरी उभाच राहिला. साठीपुढचा, सुकलेला माणूस.

"पेटीची किल्ली किती जणांकडे?"

"माह्याकडंच जी. एकच हाये."

"पूजेशिवाय पेटी कधी उघडली?"

"नाई."

"वाजवून कधी पाहिली?"

"देव वाजवून पाह्यते का कोनी साहेब?"

"मग कोरी कशी झाली?"

"मले नाई मालूम. मी हळद लावली तिले. दुसरं काई नाई केलं."

तो सरळ बोलत होता, पण सरळ बोलणारी माणसे मी पुष्कळ पाहिली होती. मी त्याला जाऊ दिले आणि हवालदारांना बाजारात पाठवले. आठवडी बाजारात भज्यांचे हॉटेल लावणारा एक माणूस आम्हाला अधूनमधून खबर देत असे. त्याची खबर दुसऱ्याच दिवशी आली.

"बुढ्यानं मागच्या बजारात मांडवाच्या मागं पोरीले थैली देल्ली. दोघंही चोरावानी इकडंतिकडं पाहून राह्यले होते. भजेही नाई घेतले. पोरगी दिसली अन् बापानं भजे घेतले नाई, हे कुठी होते का जी?"

माझ्या डोक्यात सरळ आकृती तयार झाली. खरी सीडी थैलीतून पलीकडच्या गावात गेली आणि पेटीत कोरी ठेवली गेली. मी पेटीवाल्याला पुन्हा बोलावले.

"थैलीत काय होते?"

त्याने दाराकडे पाहिले, मग जमिनीकडे.

"नाई सांगत जी."

"मंगळवारी तुमचे पाणी बंद होणार आहे, माहीत आहे?"

"माहीत हाये."

"तरी नाही सांगणार?"

"नाई."

नोकरीत मी एक गोष्ट पाहिली होती. स्वतःला वाचवणारा माणूस खूप बोलतो, नको ते तपशील देतो. दुसऱ्याला वाचवणारा गप्प बसतो. पण गप्प बसणारा निर्दोष असतो असे मात्र नाही. दोघे मिळूनही गुन्हा करतात. मी संशय काढला नाही. उलट आता त्यात मुलीची भर घातली. आणि अध्यक्षाचीही, कारण पूजेच्या दिवशी पेटी सगळ्यांसमोर उघडत असे, आणि पेटीचा मान त्याच्या घराकडे यावा अशी त्याची जुनी इच्छा होती, हे हवालदारांनी आणले होते.

सीडी बदलली की नाही, हे सांगू शकणारा माणूस एकच होता. स्टुडिओवाला. मी सीडी घेऊन त्याच्याकडे गेलो.

त्याने ती उजेडात धरली, हळद पुसली. "ही माझीच आहे साहेब. हे अक्षर माझं, हा माझ्या दुकानाचा कागद. मीच चिकटवला होता."

"म्हणजे बदललेली नाही?"

"नाही."

"मग कोणीतरी पुसली असेल."

"ही एकदाच लिहिता येते. पुसता येणारी वेगळी मिळते, ती मी कधी ठेवलीच नाही."

बदलली नाही, पुसली नाही, आणि कोरी आहे. मग मला त्याच्यावरच संशय आला. मुळात आवाज उतरवलाच नसेल तर? मी तसे विचारल्यावर तो चिडला. "त्या दिवशी अर्धं गाव माझ्या दुकानात बसून ऐकत होतं. विचारा कुणालाही. कॅसेटही त्याच दिवशी परत दिल्या, त्या पेटीवाल्याच्याच हातात. मी सांगितलं त्यांना, आता चिंता सोडा, ही शंभर वर्षं टिकते."

"शंभर वर्षे कोणी मोजली?"

तो हसला. "डब्यावर लिहिलेलं असायचं साहेब. तेव्हा सगळेच तसं म्हणायचे."

अर्ध्या गावाने ऐकले होते हे अध्यक्षानेही मान्य केले. म्हणजे एकेकाळी आवाज होता. मी ठाण्यात येऊन सीडी खिडकीशी धरली. कडेला फिकट, पिवळसर झाली होती, आणि कागद चिकटवला होता तिथला वरचा चमकता थर सुटून आला होता. त्या रविवारी घरी गेलो होतो, तेव्हा कपाटातून आमच्या स्वतःच्या सीडी काढल्या. लग्नाच्या चित्रफितीवरून करून घेतलेल्या, मुलांच्या बारशाच्या, वडिलांच्या एकसष्टीच्या. साधारण त्याच काळातल्या. एकेक लावली. बारापैकी पाच चालल्या, तीन अडखळत चालल्या आणि चार उघडल्याच नाहीत. उघडल्या नाहीत त्यांत आमच्या लग्नाच्या दोन्ही होत्या.

आमच्या कपाटाला कोणी हळद लावत नव्हते, आणि किल्ली माझ्या पत्नीच्या कमरेला होती.

"आता माझ्यावर संशय घ्या," ती म्हणाली. "लग्न कोणी पुसलं त्याची चौकशी लावा."

सोमवारी परत आल्यावर मी मुद्देमाल खोलीतल्या सीडी काढायला लावल्या. त्यांतही दोन मेलेल्या निघाल्या. एक न्यायप्रविष्ट प्रकरणातली होती. पत्र्याच्या छपराखालची ती खोली उन्हाळ्यात कशी तापते हे मला माहीत होते. देवाच्या खोलीचे छप्परही पत्र्याचेच होते. कोणी हात न लावता ही वस्तू आपोआप मरते, हे मला तेव्हा पटले.

पण यामुळे पेटीवाला सुटत नव्हता. मी गावाला जाऊन सांगितले असते की सीडी आपोआप गेली, तर गाव म्हणाले असते, साहेब पलीकडचे झाले. शिवाय थैलीचे उत्तर बाकी होते. आणि स्टुडिओवाल्याच्या बोलण्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यात घर करून बसली होती. कॅसेट परत दिल्या होत्या. त्या कुठे आहेत हे कोणीच बोलत नव्हते. सगळे गाव सीडीला धरून बसले होते.

मंगळवार दुसऱ्या दिवशी होता. मी अध्यक्षाला निरोप पाठवून ग्रामसभा दोन दिवस पुढे ढकलायला लावली, आणि शांतता राखण्याची नोटीस द्यायच्या निमित्ताने मंगळवारी सकाळी हवालदारांसोबत पलीकडच्या गावाकडे निघालो.

गावाच्या अलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरे, लागल्या. धान लोंबीवर आले होते. हवालदार गाडी चालवत होते, त्यांनी वेग कमी केला. "ऐकून राह्यले का साहेब?"

वारा होता आणि त्यात बारीक गुणगुण होती. एका बांधीवर खुंट्या ठोकून त्यांना तपकिरी, चमकती पट्टी पीळ देऊन ताणली होती. कॅसेटची पट्टी. पिळामुळे वाऱ्यात ती वाजते आणि पाखरे भितात. या भागात ही युक्ती पुष्कळ ठिकाणी पाहायला मिळते. मी ती शेकडो वेळा पाहिली होती आणि कधी उतरलो नव्हतो.

बांधावर एक बाई गोफण घेऊन उभी होती. तिशीची असेल.

"हे काय बांधलं बाई?" हवालदारांनी विचारले.

"दिसत नाई का? राघू येते टोळीनं, लोंब्या तोडून नेते. पट्टी वाजली का भेते."

"पट्टी कुठी भेटली?"

"सापडली."

"आमाले बी सांग व कुठी सापडते. ठाण्यात लय पाखरं येते."

"ठाण्यात काय खाते जी पाखरं? तुमचा पगार?"

हवालदार टोपी सरळ करू लागले. मी पुढे होऊन तिच्या बापाचे गाव विचारले. तिने गोफण खाली केली. मग मी काही न लपवता सांगितले. सीडी कोरी निघाली, बापावर आळ आहे, थैलीबद्दल तो बोलत नाही, आणि परवा त्याच्या घराचे पाणी बंद होणार आहे.

तिला यातले काहीच ठाऊक नव्हते. दोन्ही गावांचे बोलणेच बंद, तर कळणार कसे? ती बांधावर बसली.

"मी पाखरायचं रडनं सांगतलं होतं बजारात. त्यानं पुढच्या बजारात आनून देल्ल्या पट्ट्या. येवढंच. माह्याशी बोलला हे कळलं तं त्याचं पानी बंद करतीन, म्हनून तो चूप. अन् आता चूप राह्यला म्हनून बी बंदच करून राह्यले?"

"किती होत्या?"

"दोन. एकीनंच बांधी पुरली. दुसरी घरी हाये, टोपलीत."

एवढ्यात तिचा सासरा गावाकडून येताना दिसला. पोलीस सुनेशी का बोलतात म्हणून त्याच्या कपाळाला आठ्या होत्या. त्यालाही मी तेच सांगितले, आणि पुढचेही. "या पट्टीत त्या गावच्या भूमकाचा आवाज असू शकतो. तो निघाला तर नाल्याकाठच्या पट्ट्याबद्दल तो काय बोलतो ते सुनावणीत ऐकले जाईल. तुमच्या विरुद्धही जाऊ शकते. मला ती जप्त करावीच लागेल, पण तुम्हाला कळून केलेली बरी."

सासऱ्याने त्या गुणगुणणाऱ्या पट्टीकडे पाहिले.

"आमच्याच धानावर बसून आमचंच जंगल नेनार म्हना बुढा," तो म्हणाला. मग सुनेकडे वळला. "काऊन बसली व? सोड पट्टी. बाप चोर ठरला तं तुले कोन्तं माहेर राह्यलं?" आणि माझ्याकडे पाहून, "पन साहेब, पाखरं आता तुमच्या हवालदारानं हाकायची."

पंचनामा करणे ही एक कसरत झाली. दोन्ही गावांचे पंच हवे होते, म्हणून मी अध्यक्षालाही बोलावून घेतले. तो बांधापर्यंत आला आणि पट्टी पाहून त्याचा चेहरा काळा पडला. "पाह्यलं साहेब? आमचा भूमक यायनं पाखरं हाकायले बांधला. आता तरी माना, बुढ्यानं मुद्दाम देल्ला."

मलाही क्षणभर तसेच वाटले. नष्ट करण्यासाठी शत्रूच्या हाती दिले, असा सरळ अर्थ निघत होता. पण नष्ट करायचे असते तर चुलीत टाकून काम झाले असते. ये-जा करणाऱ्या वाटेवर, भर उजेडात कोणी पुरावा टांगत नाही. आणि दुसरी कॅसेट टोपलीत जपून ठेवत नाही.

मुलीने पट्टी खुंट्यांवरून सोडली आणि रिकाम्या बाटलीला गुंडाळत गेली. दोन ठिकाणी ती तुटली होती, काही ठिकाणी ताणून दोरीसारखी झाली होती. ती कोणालाही हात लावू देत नव्हती.

बाटली टेबलावर ठेवून मी पेटीवाल्याला बोलावले. त्याने पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "पोरीचं नाव आलं का जी यात?"

"आले."

"मंग सांगतो." तो पहिल्यांदा खाली बसला. "आवाज सीडीत गेला ना साहेब. ढोलीतलं धान दुसऱ्या ढोलीत भरलं, तं पयल्या ढोलीत काय राह्यते? मले वाटलं, पट्ट्या रिकाम्या झाल्या. रिकामी चीज पोरीच्या कामी आली तं काय वाईट? बोललो हे लपवलं. दुसरं काई नाई लपवलं."

हवालदार हसले नाहीत. मीही नाही. पण मी पोलीस होतो. ही गोष्ट घडवून सांगितलेलीही असू शकते, हे मनाच्या एका कोपऱ्यात तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या ओसरीवर दोन्ही गावांचे पंच बसवले. स्टुडिओवाल्याने आपला जुना कॅसेट प्लेअर शोधून आणला होता, आणि भजनाची एक स्क्रूची कॅसेट खोलून तिच्या डबीत बांधीवरची पट्टी भरली होती. आधी टोपलीतली कॅसेट लावली. खरखर झाली, आणि मग एका म्हाताऱ्याचा आवाज आला. गोंडीत, मधूनच मराठीत, चालता चालता दम लागलेला.

सगळे कॅसेट प्लेअरकडे पाहत होते. मी पेटीवाल्याकडे पाहत होतो. तो उठून उभा राहिला, हात जोडले, आणि मग वळून टेबलावरच्या ताटातल्या सीडीकडे पाहिले.

"हितं बी होता?" तो स्वतःशीच म्हणाला. "अन् तिथं बी होता? दोनी ठिकानी?"

माझ्यासमोर अनेक माणसांनी आश्चर्याचे सोंग केले आहे. सोंग करणारा आधी माझ्याकडे पाहतो. याला मी तिथे आहे हेही आठवत नव्हते. माझा संशय तिथे संपला.

अध्यक्षानेही ते पाहिले होते. तो मान खाली घालून बसला.

मग बांधीवरची लावली. नाल्याकडची शीव याच कॅसेटमध्ये होती. काहीच आवाज आला नाही. नुसता खसखस असा सूर. स्टुडिओवाल्याने पट्टी बाहेर ओढून पाहिली. "पिळामुळे उलटी बसली आहे. आवाजाची मळकट बाजू आत गेली." त्याने ती सावकाश सरळ केली, तुटके तुकडे जोडले आणि परत लावली. उन्हाने आणि दवाने पट्टी बरीच खराब झाली होती. आवाज यायचा, बुडायचा, पुन्हा वर यायचा. पण येत होता.

मला गोंडी येत नाही. म्हणून मी माझ्या पद्धतीने खात्री केली. अध्यक्षाला एका खोलीत आणि मुलीच्या सासऱ्याला दुसऱ्या खोलीत बसवले, कॅसेट दोघांना वेगवेगळी ऐकवली आणि दोघांकडून वेगवेगळे जबाब घेतले. अध्यक्ष आपल्या फायद्याचे सांगेल आणि सासरा आपल्या, अशी माझी अपेक्षा होती. त्यातून मधले काढू, असा विचार होता.

दोन्ही जबाब शेजारी ठेवले तर त्यात फरक नव्हता. जिथे आवाज बुडतो तिथे दोघांनीही "ऐकू आले नाही" असेच सांगितले होते. शीव नाल्याच्या मधून जाते. तीन दगड अलीकडच्या गावाचे. काठावरचा मोहा दोन्ही गावांनी वेचायचा आणि तोडायचा कोणी नाही. दगड अलीकडच्या गावाचे आहेत हे सासऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. मोहा दोघांचा आहे हे अध्यक्षाने.

"खोटं सांगता आलं असतं ना?" मी सासऱ्याला विचारले.

"त्याचा आवाज ऐकून?" तो म्हणाला. "माह्या लग्नात त्यानंच मंत्र म्हनले होते जी."

कॅसेट आणि जबाब मी पत्रासोबत सुनावणी घेणाऱ्या समितीकडे पाठवले. हद्दीचा निकाल देणे पोलिसांचे काम नाही. तो ज्यांनी द्यायचा त्यांनी दोन्ही गावांसोबत नाला चालून दिला. माझ्या कामाचा भाग एवढाच होता की पेटीवाल्याच्या घराचे पाणी बंद झाले नाही. ग्रामसभेत अध्यक्षाने स्वतः उठून अर्ज मागे घेतला, आणि बोलणे बंद ठेवण्याचा ठरावही त्याच दिवशी रद्द झाला. कोरी सीडी त्याने पेटीवाल्याच्या हातात दिली. "हिचं काय करायचं आता?" पेटीवाल्याने ती परत लाल कापडात बांधली. "राहू द्या. इतकी वर्षं हळद लावली तिले." आता पूजेच्या दिवशी कॅसेट काढतात आणि आधी वाजवून ऐकतात, मग धूप देतात. तिच्या प्रती करून एक पलीकडच्या गावातही ठेवली आहे, पेटीवाल्याच्या मुलीच्या घरी.

या प्रकरणानंतर मी बदलीच्या प्रत्येक ठाण्यात गेल्या गेल्या मुद्देमालातल्या सीडी लावून पाहायला लागलो. ज्या मरायला टेकल्या होत्या त्यांची प्रत काढून न्यायालयाला कळवत गेलो. आता घरातले पेन ड्राइव्ह आणि कार्डही मी तसेच तपासतो. त्यांच्या डब्यावरचे आकडे मी मानत नाही. माझ्या आईचा आवाज एकाच कॅसेटमध्ये आहे. तिच्या तीन प्रती तीन घरांत आहेत आणि दर दिवाळीला तिन्ही घरांत ऐकल्या जातात. नोकरीने मला माणसांवर संशय घ्यायला शिकवले होते. कपाटात कुलपात ठेवलेल्या, कोणी हात न लावलेल्या वस्तूवरही तो घ्यावा लागतो, हे मला पेटीवाल्याच्या चौकशीने शिकवले.

त्या बांधीचे धान मात्र उघडे पडले होते, आणि हवालदार काही राखणीला बसले नव्हते. पुढच्या फेरीला मी घरून आमच्या चार मेलेल्या सीडी नेल्या. उन्हात त्या चांगल्या चमकतात. पत्नीने देताना बजावले, "आपलं लग्न राघूंना दाखवायला टांगताय, एवढं लक्षात ठेवा."

मी बांधीपाशी पोचलो तेव्हा पेटीवाला तिथे आधीच होता. नाला ओलांडून, भर दिवसा, सगळ्यांच्या देखत तो लेकीच्या शेतात आला होता. त्याने सीडी माझ्या हातातून घेतल्या, एकेक उजेडात धरून पाहिली, आणि खुंटीला बांधण्याआधी मला विचारले, "साहेब, यात खरंच कोनी नाई ना?"